केजोची ओली पँट

तेलीनाच्या टोपीवर एक हिरवा गोल चिकटवलेला होता. कारखान्यात त्याचा अर्थ एवढाच, की ह्या बाईला इंग्रजी येतं. त्या गोलाचा पगार वेगळा नव्हता, मान तर नव्हताच, आणि चिकटवताना तिला कुणी विचारलंही नव्हतं. चौदा वर्षं ती कोंबडीच्या छातीचं हाड सोडवायच्या रांगेत उभी होती आणि त्यातली अकरा वर्षं तो गोल तिच्या डोक्यावर होता. कुणाचं बोट कापलं, कुणाला चक्कर आली, कुणाला साहेब झापतोय आणि त्या बिचाऱ्याला कळतच नाहीये कशाबद्दल, की भोंग्यातून तिला हाक यायची. ती सुरी ठेवून निघायची, पण पट्टा काही थांबत नसे. तिच्या वाट्याच्या कोंबड्या शेजारणीपुढे जाऊन साचत, आणि ती परतली की शेजारीण तासभर तिच्याशी बोलत नसे.

घरीही तेच. अमेरिकेतल्या ह्या स्प्रिंगडेलमध्ये आमची मार्शल बेटांवरची माणसं इतकी झाली आहेत की अर्ध्या गल्लीत आमचाच भात शिजतो, पण इंग्रजी पत्र आलं की सगळ्यांना एकच दार आठवतं. रविवारी चर्च सुटलं की तिच्या पायरीवर माणसं बसलेली. कुणाच्या शाळेचं पत्र, कुणाचं विजेचं बिल, कुणाला गाडी विकणाऱ्यानं टोपी घातलेली. "मी काय सरकारी कचेरी आहे?" असं ती दर रविवारी म्हणायची आणि दर रविवारी चष्मा लावायची. लहानपणी तिकडे बेटावर, माजुरोत, एका मास्तरीणबाईंकडे चार वर्षं भांडी घासताना जे इंग्रजी कानावर पडलं, ते असं जन्मभर मानगुटीवर बसेल हे माहीत असतं, तर मी कानात बोळे घातले असते, असंही ती म्हणायची. तिच्या ह्या बोलण्याकडे कुणी लक्ष देत नसे, कारण नाही म्हणणं तिला जमत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

केजो तिचा धाकटा भाऊ, बारा वर्षांनी लहान. आई मासळी सुकवण्यात आणि खोबरं काढण्यात गुंतलेली, म्हणून त्याला वाढवला तेलीनानंच. कडेवर घेऊन हिंडवला, खाडीच्या उथळ पाण्यात रोज घासूनपुसून अंघोळ घातली. मग तो सहा-सात वर्षांचा झाल्यावर एक दिवस मावशीनं तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि आता पुरे म्हणाली. आमच्यात बहीण-भावाची मर्यादा असते. त्या दिवसापासून भाऊ बहिणीसमोर अंगाचं काही बोलत नाही, पोट बिघडलं तरी "बरं नाही" एवढंच म्हणतो. कुणी वावगा विनोद केला आणि दोघं एका खोलीत असली, तर एकजण उठून बाहेर जातो. ही मर्यादा मोडणारा माणूस मी तरी पाहिलेला नव्हता, आणि तेलीना-केजो तर ती पाळण्यात इतरांना दाखवायच्या लायकीचे.

तर असा हा केजो कारखान्यात चिलरवर होता. साफ केलेल्या कोंबड्या तिथं बर्फगार पाण्याच्या लांबलचक टाकीतून जातात, आणि त्या पाण्यात जंतू मारायला ॲसिड सोडतात. वास व्हिनेगरचा, पण इतका उग्र की नवा माणूस पहिल्या दिवशी रडतच घरी जातो. टाकीतल्या पाण्यात ते पातळ असतं, पण पिंपात असतं ते अस्सल. पिंप रिकामं झालं की नळी काढून नव्या पिंपाला जोडायचं काम केजोचं. हातमोजे मनगटापर्यंतचे, एप्रन रबरी पण पुढून फक्त. लांब हातमोजे आणि पूर्ण पोशाख मागवलाय, असं सुपरवायझर दोन वर्षं सांगत होता.

मार्च महिन्यातल्या त्या मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर थोड्याच वेळानं, नळी निसटली. थोडं ॲसिड उजव्या हातावर उडालं. बाकीचं एप्रनच्या आतून, कमरेपासून खाली, मांड्यांवरून थेट बुटात गेलं. तिथून चार पावलांवर साखळी ओढायचा फवारा होता. कपडे उतरवून त्याखाली पंधरा-वीस मिनिटं उभं राहायचं, असं भिंतीवर चित्र काढलेलं होतं. केजो फवाऱ्याकडे गेला नाही. त्यानं हात नळाखाली धरला. सुपरवायझरनं ते पाहिलं, त्याला नर्सच्या खोलीत पाठवलं, आणि नियमाप्रमाणे भोंग्यातून दुभाषीला हाक दिली. दुभाषी म्हणजे त्याची सख्खी बहीण.

नर्स पॅट्रिस वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. टेबलावर गोळ्यांची वाटी ठेवणारी, सगळ्यांना "बाळा" म्हणणारी. तिनं केजोचा हात धुतला, मलम लावलं. मग कागद पुढे ओढून तेलीनाला म्हणाली, "हात सोडून अजून कुठे कुठे उडालंय, विचार त्याला."

तेलीनानं त्याच्याकडे पाहिलं. पँट कमरेपासून ओलीचिंब होती. चिलरवाले नेहमीच ओले असतात, त्यामुळे पॅट्रिसला त्यात काही वाटलं नाही. पण तेलीनाला वास आला. पाय फाकवून, एका जागी खिळून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तो उभा होता. काय झालंय हे तिला कळलं. पूर्ण कळलं, अर्धवट नाही. आणि तिनं आपल्या भाषेत त्याला विचारलं, "दुसरीकडे कुठे नाही ना?"

असं विचारल्यावर भाऊ काय सांगणार? "नाही," केजो घड्याळाला म्हणाला.

पॅट्रिसनं लिहिलं, उजवा हात, किरकोळ. खाली केजोनं सही केली, त्याखाली दुभाषी म्हणून तेलीनानं. ती रांगेत परतली, शेजारणीचे टोमणे ऐकले, सुरी हातात घेतली. केजो चिलरवर परतला आणि शिफ्ट संपेपर्यंत, म्हणजे आणखी अडीच तास, ती पँट घालून उभा राहिला. ॲसिड पहिल्यांदा गार लागतं, मग चुरचुरतं, मग काही वेळानं फारसं काही वाटेनासं होतं. वाटेनासं झालं म्हणजे बरं झालं, असं त्याला वाटलं.

संध्याकाळी त्याची बायको हर्टिना तेलीनाच्या दारात आली. चपला न काढताच उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, ते बसत नाहीयेत."

"कोण बसत नाहीये?"

"तुमचे भाऊ. आल्यापासून उभेच आहेत."

"का उभा आहे?"

"बसवत नाही म्हणून."

"अगं बाई, का बसवत नाही?"

हर्टिनानं जमिनीकडे पाहिलं. नणंदेला नवऱ्याच्या मांड्या कशा सांगायच्या, हा तिच्यापुढचा प्रश्न होता, आणि तेलीनाला उत्तर माहीत असूनही ती मुकाट्यानं वाट पाहत राहिली, हे मला तिनंच नंतर सांगितलं. शेवटी दोघी तशाच त्याच्या घरी गेल्या. तेलीना स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून उभी, हर्टिना आतल्या खोलीत. तेलीना भिंतीआडून विचारायची, "लाल आहे का?" आतून हर्टिना सांगायची, "लाल नाही, पांढरं आहे. कातडं मेणासारखं झालंय." आणि ह्या सगळ्यात केजो मोठ्या आवाजात चर्चच्या गायनाच्या तालमीबद्दल बोलत होता, म्हणजे आपल्याला काही ऐकू येत नाहीये असं सगळ्यांना वाटावं. घरातल्यांनी तोवर त्यावर खोबरेल तेल चोपडलेलं होतं. तेलीनानं कपाळावर हात मारला.

"त्याला सांग, गाडीत बस," ती म्हणाली.

"बसत नाहीयेत ना," हर्टिना आतून म्हणाली.

शेवटी मागच्या सीटवर त्याला आडवा घालून इस्पितळात नेला. तिथं डॉक्टर पुरुष होता, परका होता, त्याच्यासमोर केजोनं निमूटपणे पँट उतरवली. तेलीना बाहेरच्या बाकावर बसून होती. डॉक्टर बाहेर येऊन तिच्यावरच डाफरला, की हे धुवायला कुणाला सुचलं कसं नाही, लगेच धुतलं असतं तर आठवड्यात बरं झालं असतं. आता दुसऱ्या शहरात भाजलेल्यांच्या वॉर्डात न्यावं लागेल, पाठीची कातडी काढून मांडीला लावावी लागेल, एकदा नव्हे, दोनदा तरी. ती ऐकत राहिली. तिला उत्तर येत होतं, इंग्रजीतूनही येत होतं, पण तिनं विचारलं एवढंच, की न्यायचं कधी.

त्यानंतर सुरू झाली कागदांची तऱ्हा. काम करताना जखम झाली असेल तर उपचार कारखान्यानं करायचे, हा कायदा. कारखाना म्हणाला, जरूर करू, हाताचे करू. आमच्या कागदावर हात आहे. मांड्यांचं आम्हाला माहीत नाही, घरी काही सांडलं असेल. कातडी बसवणाऱ्या वॉर्डानं पहिली शस्त्रक्रिया केली आणि दुसरीची तारीख द्यायच्या आधी विचारलं, ह्याच्या पैशांचं कोण बघणार? तारीख अडकली. केजो घरी पालथा पडून होता, जखमेला वास येऊ लागला होता, आणि त्याचं म्हणणं एकच, की जाऊ दे, आता बरं वाटतंय. ह्या "जाऊ दे"नं तेलीनाच्या नाकी नऊ आणले. हा माणूस मरायला टेकला तरी यमदूताला चहा विचारील, असं ती हर्टिनाला म्हणाली.

कारखान्याच्या ऑफिसात मिस कॉलीन नावाच्या बाईनं बैठक लावली. तेलीनानं आधीच बजावलं होतं, की मी बहीण आहे, मी दुभाषी नको, दुसरं कुणी बघा, आणि पुरुष बघा. कॉलीनला ते पहिल्यांदा कळलंच नाही. बहीण आहे म्हणजे उलट बरंच की, त्याला मोकळं वाटेल, असं तिचं म्हणणं. तेलीनानं पुन्हा सांगितलं. मग कॉलीननं नाइलाजानं फोनवरून दुभाषी लावला, पण कागदावर सही होती म्हणून तेलीनालाही बसवून घेतलं.

केजो आला. खुर्चीच्या कडेवर टेकला. फोनमधून एका बाईचा आवाज आला. पुरुष नव्हताच उपलब्ध. ती बाई कुठूनतरी ओरेगनहून बोलत होती. आमच्या रीतीप्रमाणे तिनं आधी विचारपूस केली, कुठल्या बेटाचे, कुणाचे. केजोनं आईचं नाव सांगितलं. मग आवाज म्हणाला, "अरे, मी लिजेनची मुलगी."

लिजेन म्हणजे ह्यांची सख्खी मावशी. आमच्यात मावशीची मुलगी ती बहीणच, फरक करत नाहीत. दोन हजार मैलांवरून फोन लावला तर तोही बहिणीलाच लागला. तेलीनाला हसावं की रडावं कळेना. हिशेब धरला तर ह्या देशातली निम्मी मार्शली बाईमाणसं केजोच्या बहिणीच निघतील, आणि उरलेल्या मावश्या.

"विचारा त्याला," कॉलीन म्हणाली, "नर्सनं अजून कुठे लागलंय असं विचारलं, तेव्हा त्यानं पायांबद्दल का सांगितलं नाही?"

फोनमधल्या बहिणीनं घसा साफ केला आणि आपल्या भाषेत म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी ती दुसरी गोष्ट तू बोलला नाहीस, असं ह्या बाई म्हणतात."

"नाही बोललो," केजो म्हणाला.

"तो म्हणतो, तो बोलला नाही."

कॉलीननं लिहून घेतलं. तिचा चेहरा सांगत होता की प्रकरण मिटलं. फोनमधल्या बाईचा तेलीनाला अतोनात राग आला. काय बाई आहे, नीट विचारायला काय जातं हिचं, एवढा पगार घेते. आणि मग तिचा राग तिथंच अडकला, कारण ही बाई जे करत होती ते तिनं आधीच करून ठेवलं होतं. इतके दिवस तिनं सुपरवायझरला शिव्या घातल्या होत्या, पॅट्रिसला घातल्या होत्या, लांब हातमोजे न आणणाऱ्याला, तेल चोपडणाऱ्यांना, केजोला, डॉक्टरलासुद्धा. सगळ्यांना पुरून उरतील एवढ्या शिव्या होत्या तिच्याकडे. एकच नाव तिनं त्यात घेतलं नव्हतं.

"थांबा," ती इंग्रजीतून म्हणाली. "लिहू नका. त्याचं चुकलेलं नाही."

कॉलीननं पेन कागदावरून उचललं नाही, पण थांबली.

"नर्सनं मला सांगितलं होतं, अजून कुठे कुठे उडालंय ते विचार. मी तसं विचारलं नाही. मी विचारलं, दुसरीकडे कुठे नाही ना. त्याला नाही म्हणता यावं म्हणून मी तसं विचारलं. त्याची पँट ओली होती, मला दिसत होतं. मला ॲसिडचा वास आला होता. मांड्या भाजल्या आहेत हे मला तिथंच कळलं होतं."

केजोला इंग्रजी बेताचंच येत होतं. पण मांड्या हा शब्द त्याला कळला. कानापर्यंत लाल होऊन तो उठला आणि पाय फाकवत, भिंतीला धरून, दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

"म्हणजे तुम्ही खोटं भाषांतर केलंत?" कॉलीन म्हणाली.

"हो."

"का?"

मास्तरीणबाईंकडच्या सगळ्या शब्दांत आमच्या मर्यादेला शब्द नव्हता.

"मी त्याची बहीण आहे म्हणून," ती म्हणाली.

कॉलीननं मान हलवली आणि लिहिलं, कौटुंबिक कारण.

पण कागद बदलला. घटनेच्या वेळी मांड्या भाजल्याचं पाहणारा साक्षीदार आता नोंदीवर होता, त्यामुळे घरी सांडल्याची गोष्ट टिकेना. तीन आठवड्यांनी कारखान्यानं मान्य केलं. केजोची दुसरी शस्त्रक्रिया झाली, मग एक तिसरी. पाय वाचले. तेलीनाला लेखी ताकीद मिळाली आणि टोपीवरचा हिरवा गोल काढून घेतला. तिला वाटलं, चला, सुटले. पण दुसऱ्याच दिवशी भोंगा झाला. गोल नाही, असं तिनं जाऊन सांगितलं, तर सुपरवायझर म्हणाला, ते ऑफिसचं, तू आधी ह्याला काय होतंय ते विचार. कारखान्यानं सुधारणा म्हणून एक नवा फॉर्म काढला, की दुभाष्यानं रुग्णाशी नातं असल्यास इथे खूण करावी. तेलीना प्रत्येक फॉर्मवर खूण करते. कुणी वाचत नाही.

केजो मात्र तिच्याशी बोलेना. चर्चमध्ये तो दुसऱ्या बाजूच्या बाकांवर बसू लागला. नात्यातल्या एका बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला अख्खं गाव जेवायला आलं, तो ताट घेऊन मागच्या अंगणात गेला. तिनं केलेला भात-मासा हर्टिना घेऊन जायची आणि रिकामं भांडं तीच परत आणायची. "चांगलं झालं होतं म्हणाले" असा निरोप यायचा, पण तो हर्टिनाचाच असणार. एकतीस वर्षांचा बाप्या, आणि रुसून बसलाय, असं तेलीना सगळ्यांना सांगत फिरायची. त्या रात्री भिंतीआडून तो गायनाच्या तालमीबद्दल काय काय बोलत होता, तेही ती नक्कल करून दाखवायची. पण ती हसत नसे.

सप्टेंबरात तो कामावर परतला. पायांनी फार वेळ उभं राहवत नसे म्हणून त्याला खोकी घडी करायला बसवलं, आणि महिन्याभरानं चिलरवर माणूस कमी पडला तेव्हा अर्धा दिवस पुन्हा पिंपांवर पाठवलं. हातमोजे मनगटापर्यंतचेच होते. हे तेलीनाला जेवणाच्या सुट्टीत कळलं. सुट्टी संपल्यावर ती काहीतरी करणार तेवढ्यात तोच तिच्या रांगेपाशी आला. सहा महिन्यांत पहिल्यांदा. दोन हात लांब उभा राहिला, तिच्याकडे न बघता तिच्या सुरीकडे बघत होता. रांगेतल्या सगळ्या बायकांनी हातातलं काम हळू केलं.

"ताई," तो म्हणाला, "पुढच्या वेळी असं काही झालं, तर तू आत येऊ नकोस. भोंग्यातून तुलाच बोलावणार हे माहीत होतं, मी तुझ्यामुळे धुतलं नाही."

ह्या एका वाक्याची ती सहा महिने वाट पाहत होती आणि ह्याच वाक्याला घाबरतही होती. तो आपल्याला दोष देतोय, हे तिला कळलं. त्यानं द्यावा, ह्यालाही तिची हरकत नव्हती. पण "पुढच्या वेळी" हे शब्द तो असे म्हणाला, जणू पुढची वेळ ठरलेलीच आहे, आणि त्यामुळे तिचा सगळा संयम सुटला. सुरी टेबलावर ठेवून ती आपल्या भाषेत, रांगेतल्या शेवटच्या बाईला ऐकू जाईल इतक्या स्पष्टपणे म्हणाली, "मी येईन. भोंगा झाला की मीच येणार, दुसरं कोण आहे इथं? मी दारात उभी असले तरी, पाद्री उभा असला तरी, तू पँट काढायची. पँट काढायची आणि पाण्याखाली जायचं. मांड्या, ढुंगण, सगळं धुवायचं. कळलं?"

बायकांनी माना खाली घातल्या. कोंबड्या पट्ट्यावरून तशाच पुढे जात राहिल्या. तेलीनाच्या गालांना चटका बसल्यासारखं झालं, पण तिनं नजर काढली नाही. आमच्यात बहिणीनं भावाला असं बोललेलं कधी कुणी ऐकलेलं नव्हतं.

केजोनं मान वर केली आणि पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं.

"बरं," तो म्हणाला, आणि पिंपांकडे गेला.